बॅजवर उस्तादाचं नाव नव्हतं

"झिरो कसा काय, मॅडम?" अभिषेक सरांनी पुन्हा विचारलं.

व्हिडिओ कॉल चालू होता. ते पुण्यात, मी वाशिमला. स्क्रीनवर त्यांचा लाडका डॅशबोर्ड. जिल्ह्यातल्या सगळ्या बॅचेस हिरव्या, मंगरूळपीरची तेवढी लाल. त्या बॅचमध्ये झाडून सगळे पास झाले होते, आणि बॅज एकानेही घेतला नव्हता.

"नेटवर्क नसेल," मी म्हणाले.

"रिठदसारख्या खेड्यात आहे आणि मंगरूळपीरला नाही?"

मंगरूळपीरला नेटवर्क चांगलं आहे. तिथे माणसं भाजी घेता घेता व्हिडिओ कॉल करतात.

"आपण रिमाइंडर एसएमएस टाकू," सर म्हणाले. "आणि क्लेम केल्यावर स्क्रीनवर फुगे उडतील असं करू. लोकांना आवडतं."

मी बरं म्हणाले. फुग्यांना माझी काही हरकत नव्हती.

मी इंगळे. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवून रिटायर झाले. घरी बसून सुनेच्या फोडणीत चुका काढण्यापेक्षा बरं, म्हणून एका संस्थेच्या प्रकल्पात असेसर झाले. असेसर म्हणजे परीक्षा घेणारी. शिकवायचं नाही, नुसतं बघायचं आणि पास-नापास ठरवायचं. जे काम हातानं शिकले पण ज्यांच्याकडे कागद नाही, अशा कारागिरांची परीक्षा घेऊन त्यांना डिजिटल बॅज द्यायचा, हा प्रकल्प.

डिजिटल बॅज म्हणजे छातीवर लावायचा बिल्ला नव्हे. मोबाइलवर येणारं एक गोल चित्र. त्यावर बोट ठेवलं की माहिती उघडते. कोणाला दिला, कशासाठी दिला, परीक्षेत त्यानं काय करून दाखवलं, देणारं कोण. कागदी सर्टिफिकेट झेरॉक्सच्या दुकानात कोणाच्याही नावाचं बनवून मिळतं. बॅजचं तसं नाही. कंपनीवाले लिंक उघडतात आणि खरं-खोटं तिथल्या तिथे कळतं. अट एकच. लिंक आली की माणसानं स्वतः 'स्वीकारा' हे बटण दाबायचं. याला आमच्यात क्लेम म्हणतात. तोवर तो बॅज दुसऱ्या कोणालाही दिसत नाही.

मंगरूळपीरची बॅच होती रिवाइंडिंगच्या गल्लीतली. शेतावरच्या पंपाची मोटर जळाली की ती त्या गल्लीत येते. मिस्त्री ती उघडतो, जळकी तार उपसतो आणि तांब्याची नवी तार तितक्याच वेढ्यांनी भरतो. हे काम तिथे पिढ्यान् पिढ्या चाललंय. पण आता सगळीकडे योजनेतले सोलर पंप लागले. त्यांची दुरुस्ती कंपनीच करते. गल्लीतल्या मोटरी कमी होत चालल्या. म्हणून आम्ही तिथल्या कारागिरांना सोलर पंपाच्या दुरुस्तीचा कोर्स दिला.

त्यातला सलीम माझ्या लक्षात राहिला होता. तिशीचा, दोन पोरींचा बाप. हात एकदम साफ. एका सोलर कंपनीला मंगरूळपीर तालुक्यासाठी एक टेक्निशियन पाहिजे होता. दरमहा पगार, फंड, मोटारसायकल कंपनीची. मुलाखत महिनाअखेरीस, आणि बॅज नसेल तर मुलाखत नाही. सलीमनं परीक्षेच्या दिवशीच मला विचारलं होतं, "मॅडम, बॅज कई येईन?" त्याला त्या नोकरीची किती आस होती ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. बॅज आला. आणि त्यानंही बटण दाबलं नाही.

मला हे पटेना. मी एसटीत बसले आणि मंगरूळपीरला गेले.

गल्लीत सगळ्यांनी मला चहा पाजला आणि सगळे खोटं बोलले. एकाचा मोबाइल चार्जिंगला होता. एकाचं रिचार्ज संपलं होतं. आसेगावचा गजानन म्हणाला, "बायकोले विचारून करतो." हा गजानन बायकोला विचारून काही करत असेल असं मला वाटत नाही.

शेवटी मी रहीम उस्तादांच्या दुकानात शिरले. गल्लीतलं सगळ्यात जुनं दुकान. निम्मी गल्ली याच दुकानात शिकलेली. उस्ताद जेवायला घरी गेले होते. सलीम एकटाच मोटर भरत बसला होता.

"बटन कायले नाही दाबत रे?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"दाबतो ना मॅडम."

"आत्ता दाब. माह्यासमोर."

त्यानं हात पुसले. मोबाइल काढला. बॅज उघडला. बराच वेळ नुसता बघत बसला.

"मॅडम, याच्यावर उस्तादचं नाव कुठी हाय?"

"उस्तादांचं नाव कशाला असेल? बॅज संस्थेनं दिला."

"संस्थेनं तं परीक्षा घेतली. काम कोनं शिकवलं?" तो एकदम बोलायला लागला. "आमच्या लाइनीत पयला सवाल एकच रायते. कोनाचा शागीर्द? मी रहीम उस्तादचा सलीम. तेच माहं सर्टिफिकेट हाय. आता याच्यावर माहं नाव, तुमच्या संस्थेचं नाव, अन् उस्तादचं नावच नाही. हा मी घेतला, म्हंजे मी जगाले सांगून राह्यलो का मले उस्ताद नाही. बेउस्ताद म्हनतीन मले."

या शब्दाचं वजन सांगायला पाहिजे. त्या गल्लीत कोणी आईवरून शिवी दिली तर भांडण होतं आणि चहावर मिटतं. बेउस्ताद म्हटलं तर मिटत नाही. बेउस्ताद म्हणजे कोणाच्याही हाताखाली न बसलेला, चोरून शिकलेला, ज्याच्या कामाची जबाबदारी घ्यायला मागे कोणी नाही असा. आमच्या पुण्याच्या ऑफिसानं सगळ्या गल्लीला एकगठ्ठा बेउस्ताद करून पाठवलं होतं, वर फुगे उडवायची तयारी चालली होती.

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं तुले?"

"तुमाले वाईट वाटलं असतं," सलीम म्हणाला.

मी कपाळावर हात मारला.

पण मला एक गोष्ट माहीत होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्डॉर्समेंट नावाची सोय आहे. बॅजखाली तिसऱ्या माणसाचं नाव घालता येतं. त्याचा मोबाइल नंबर टाकायचा, त्याला ओटीपी येतो, तो त्यानं सांगितला की बॅजवर कायमचं लिहिलं जातं: मी याला ओळखतो, हे काम याला येतं. आमच्या जिल्ह्यात ती सोय कोणीच वापरली नव्हती. मला वाटलं, झालं काम. उस्ताद जेवून येतील, ओटीपी सांगतील, चारच्या गाडीनं मी घरी.

उस्ताद आले. धिप्पाड माणूस, दाढी पांढरीशुभ्र, आवाज असा की शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीतही ऐकू यावा. नम्रपणा वगैरे भानगड नाही. "निम्म्या तालुक्याच्या हिरीवरच्या मोटरी माह्या हातानं चालून राह्यल्या," असं ते आल्या माणसाला सांगतात. मलाही सांगितलं. मग मी माझं काम सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"नाव देतो ना. कायच्यावर देऊ? वाइंडिंगवर? आत्ता घ्या."

"सोलर पंपाच्या बॅजवर द्यायचं आहे. त्यात मोटर आहे, पॅनल आहे, कंट्रोलर आहे." कंट्रोलर म्हणजे पॅनलची वीज मोटरला चालेल अशी करून देणारी पेटी.

"नाही मंग."

"का?"

"कंट्रोलर मले येत नाही," उस्ताद म्हणाले. "जे मले येत नाही, ते याले येते असं मी कसं म्हनू? झूट होते ते."

"सलीमला येतं. मी परीक्षा घेतली ना."

"तं तुमी द्या नाव. दिलंच हाय तुमी."

माणूस शंभर टक्के बरोबर बोलत होता, म्हणून तर जास्त राग येत होता. सलीम मान खाली घालून तार भरत होता. महिनाअखेर जवळ आली होती, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

उस्तादांनी दाढी खाजवली. "माही परीक्षा घ्या," ते म्हणाले. "पास झालो तं सगळ्याइले नाव देतो."

सलीमच्या हातातली तार सुटली आणि सगळे वेढे उसवले.

मी म्हटलं आपल्या सेंटरवर घेऊ, शांतपणे. उस्ताद म्हणाले, "छुपके कायले? चोरी करून राह्यलो का?" मग त्यांच्याच दुकानाच्या गच्चीवर आम्ही डेमोचे पॅनल, कंट्रोलर आणि टाकीत सोडलेली मोटर असा सेट मांडला. गल्लीनं दुकानांची शटरं अर्धी ओढली आणि सगळे गच्चीवर आले. कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. मला लग्नाला आल्यासारखं वाटायला लागलं.

मोटरचा भाग उस्तादांनी चुटकीसरशी केला. समोर ठेवलेल्या जळक्या मोटरची कोणती कॉइल गेली ते मीटर लावायच्या आधीच सांगितलं, मग मीटर लावून दाखवलं. गल्ली खूश. मीही खूश.

मग पॅनलची तार कंट्रोलरमधून सोडवायची होती. पंप चालू होता. ऊन कडक. उस्तादांनी सरळ कनेक्टरला हात घातला.

"थांबा!" मी इतक्या जोरानं ओरडले की खालून कोणीतरी 'काय झालं' विचारलं.

यातली मेख साधी आहे. आपल्या घरातली वीज एसी. ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तार ओढताना ठिणगी पडली तरी विझते. पॅनलची वीज डीसी. ती शून्यावर येतच नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढला की ठिणगी विझत नाही, ताणली जाते. हात भाजतो, कधी आग लागते. म्हणून आधी आयसोलेटर, म्हणजे डीसीचा मोठा स्विच, बंद करायचा. मग मीटरनं बघायचं. मगच हात लावायचा. सगळा जन्म एसीवर गेलेल्या माणसाचा हात आधी तारेकडे जातो. आमच्या नियमात हे एकच पाऊल असं आहे की बाकी सगळं बरोबर असलं तरी त्यावर माणूस नापास होतो.

उस्तादांनी हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं.

"नापास?"

"हो," मी म्हणाले.

गच्चीवर कोणी हललं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या या कामाचा, त्या प्रकल्पाचा आणि स्वतःचा भयंकर राग आला.

"लिवा मंग," उस्ताद म्हणाले.

मी टॅबवर नापास टाकलं. टाकलं मात्र, गच्चीवरचे सगळे मोबाइल एकदम वाजले. ही अभिषेक सरांची करामत. निकाल लागला की बॅचच्या सगळ्यांना आपोआप मेसेज जातो, म्हणे त्यानं उत्साह वाढतो. उस्तादांचं नाव मी याच बॅचमध्ये घातलं होतं. मेसेज असा होता: 'शेख रहीम यांना या वेळी यश मिळालेले नाही. निराश होऊ नका! तुम्ही करू शकता!' खाली दंड फुगवलेला एक हात.

सगळ्यांनी तो वाचला आणि एकेक करून जिना उतरले. सलीम सगळ्यात शेवटी गेला. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

मी एसटी स्टँडवरून सरांना फोन केला.

"अरेरे," सर म्हणाले. "पण मॅडम, सिनियर माणूस आहे. एक स्टेप इकडे-तिकडे करायची होती. असेसरला निकाल बदलायचा, ओव्हरराइडचा ऑप्शन दिलाय ना आपण."

"सर, ओव्हरराइड त्यांच्या हाताला आहे का? उद्या हात भाजला तर तो कुठून करायचा?"

"नाही, तसं नाही…"

"आणि तो फुगलेला दंड आधी बंद करा."

"ते फीचर सेंट्रल आहे," सर म्हणाले.

मधे सुट्ट्या आल्या. त्या दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या माणसाला त्याच्याच गच्चीवर, त्याच्याच शागिर्दांसमोर मी नापास केलं होतं. नियमानं केलं होतं, पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा तेच केलं असतं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. निदान जाऊन भेटावं म्हणून मी परत मंगरूळपीरला गेले. दुकान बंद असेल अशी मनाची तयारी केली होती.

दुकान उघडं होतं. उस्तादांच्या गादीवर कोणी नव्हतं. दाराशी एक उलटा घातलेला लाकडी खोका असतो, नवीन शागीर्द त्यावर बसतो. उस्ताद त्या खोक्यावर बसले होते. समोर सलीम कंट्रोलर उघडून उभा. घामानं निथळत होता.

"तं उस्ताद, हे जे हाय ना उस्ताद, हे उस्ताद…"

"अबे, दर शब्दाले उस्ताद उस्ताद करू नोको. मुद्द्याचं सांग." मग मला बघून म्हणाले, "या मॅडम. बसा. माही शिकवनी चालू हाय."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"कायची माफी? मले नाही आलं, नापास झालो. तेच्यात काय?" मग त्यांचा आवाज चढला. "पन ते निराश होऊ नका म्हननारं कोन हाय? त्याले आना माह्यासमोर."

"ते मशीन आहे, उस्ताद. आपोआप मेसेज जातो."

"तं मशीनले सांगा, मी निराश नाही."

मी सांगीन म्हणाले.

शिकवणी पुढे चालू झाली आणि मी बघत बसले. सलीमला सगळं येत होतं, पण त्याच्या तोंडून ते निघत नव्हतं. उस्तादांनी कनेक्टरला मुद्दाम हात लावला तरी तो नुसता "नाही ना… आधी ते…" असं पुटपुटायचा.

"मी चुकलो का नाही?" उस्तादांनी विचारलं.

"चुकले."

"तू चुकला तं मी काय करत होतो?"

"हातावर पट्टी हानत होते."

"मंग?"

"माह्याच्यानं नाही होत उस्ताद," सलीम रडवेला झाला.

"पट्टी राहू दे. आवाज तं चढव! गल्लीत उद्या तुह्या हाताखाली कोनी बसलं, अन् तू असा कुजबुजला, तं त्याचा हात जळल्यावरच त्याले ऐकू येईन."

उस्तादांनी पुन्हा कनेक्टरला हात घातला. आणि सलीम ओरडला, "आयसोलेटर बंद केल्याबिगर हात लावाचा नाही!"

समोरच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली. गिरणीवाल्यानं डोकं बाहेर काढलं. रहीम उस्तादांवर आवाज चढवलेला त्या गल्लीनं पहिल्यांदाच ऐकला असावा. सलीमनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"हां," उस्ताद म्हणाले. "असं."

पुढची परीक्षा त्याच गच्चीवर झाली. मोटरचा भाग मागच्यासारखाच. मग पॅनलची तार सोडवायची वेळ आली. उस्तादांचा हात निघाला तो थेट कनेक्टरकडेच निघाला, सवयीनं. मधेच थांबला. हवेतच राहिला थोडा वेळ. मग वळला आणि आयसोलेटरवर गेला. खटका बंद. मीटर लावून खात्री. मग तार. मी श्वास सोडला. गच्चीवरच्या सगळ्यांनीच सोडला.

मी टॅबवर पास टाकलं. मोबाइल वाजले. 'अभिनंदन!'

"आता बरोबर बोललं," उस्ताद म्हणाले.

मग एन्डॉर्समेंटचं काम काढलं. उस्तादांनी आधी प्रत्येकाला त्या सेटवर उभं केलं, स्वतः बघितलं, आणि मगच ओटीपी सांगितला. माझ्या परीक्षेवर त्यांचा काही फार विश्वास होता असं नाही. गजाननला त्यांनी तेच काम पुन्हा करायला लावलं. ज्याच्या बॅजवर नाव उमटायचं तो तिथेच, गच्चीवर, 'स्वीकारा' दाबायचा. फुगे उडत होते. पोरं हसत होती.

"आता तुमचा बॅज, उस्ताद," मी म्हणाले. "यावर कोणाचं नाव घालू? नाही घातलं तरी चालतं."

"चालते कसं? मी काय बेउस्ताद हाय?" ते म्हणाले. "लिवा, करीम उस्ताद."

"त्यांचा मोबाइल नंबर?"

"ते तं अल्लाच्या घरी गेले, लय वर्षं झाले."

मी टॅबकडे बघितलं. नंबर टाकल्याशिवाय टॅब पुढे जाईना. तसं सांगितलं. मला वाटलं आता हे बॅजच घेणार नाहीत आणि सगळं मुसळ केरात.

"मोटर मले करीम उस्तादनं शिकवली," ते शेवटी म्हणाले. "ते तुमच्या मशीनमंदी बसत नाही, नाही बसू द्या. गल्लीले माहीत हाय. पन हे डीसीचं काम मले कोनं शिकवलं? याचा नंबर टाका."

त्यांनी सलीमकडे बोट केलं.

"नाही उस्ताद!" सलीम मागे सरकला. "मी कसा… माहं नाव तुमच्यावर… नाही, नाही."

मी नंबर टाकला. सलीमचा मोबाइल वाजला. तो त्याच्याकडे बघेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं.

"रडाचं ते मंग रड," उस्ताद म्हणाले. "ओटीपी सांग पयले. टाइम चालला."

त्यानं रडत रडत सहा आकडे सांगितले. मीही टॅब जरा तोंडासमोरच धरला. कारण सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी अभिषेक सरांचा फोन. "मॅडम, मंगरूळपीर फुल ग्रीन! बघितलंत? रिमाइंडरनं काम केलं."

मी हो म्हणाले.

यापुढे सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी वाशिमला घरी भाजी निवडत होते. सलीमचा फोन आला. तो कंपनीच्या ऑफिसाबाहेर उभा होता.

"मॅडम, बॅज उघडून नाही राह्यला. पिवळं काईतरी येऊन राह्यलं. माह्यापुढं तिघंच हायेत."

मी लिंक उघडली. पिवळ्या पट्टीवर लिहिलं होतं: 'परस्पर शिफारस आढळली. फसवणुकीची शक्यता. तपासणी सुरू.'

भाजी तशीच टाकून मी सरांना फोन लावला.

"हां, ते ऑटोमॅटिक आहे," सर म्हणाले. "दोघांनी एकमेकांना एन्डॉर्स केलंय. फेक लोक हेच करतात मॅडम, तू माझं लिही, मी तुझं लिहितो. सोपं आहे, त्यातलं एक काढून टाका. लगेच क्लिअर होईल."

"कोणतं काढू?"

"कोणतंही."

मी सलीमला विचारलं. तो घाईघाईत म्हणाला, "माह्या बॅजवरून उस्तादचं नाव नोका काढू, मॅडम. नोकरी गेली तं गेली." मी उस्तादांना फोन केला. म्हटलं, तुमच्या बॅजवरचं सलीमचं नाव काढलं तर त्याचं काम होईल. पलीकडून गिरणीचा आवाज येत होता.

"त्यानं शिकवलं का नाही मले?" उस्ताद म्हणाले.

"शिकवलं."

"मंग खरं हाय ते कायले काढता? तुमच्या सायबाले समजावून सांगा ना. पगार कायचा घेते तो?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी पुन्हा पुण्याला फोन लावला.

"सर, दोन्ही नावं राहतील. कारण लिहायला जागा आहे का कुठे?"

"आहे, पण दोनशे अक्षरं फक्त. आणि अप्रूव्ह मलाच करावं लागेल."

मी लिहिलं: 'आधी रहीम यांनी सलीमला मोटर शिकवली. मग सलीमने रहीम यांना डीसी शिकवली. दोन्ही परीक्षा मी स्वतः बघितल्या. इंगळे.' पाठवलं.

"पण असं होतं का मॅडम?" सर म्हणाले. "एकमेकांना शिकवणं? मी वर काय उत्तर देऊ?"

"तुमच्या वडिलांना मोबाइलवरून पैसे पाठवायला कोणी शिकवलं?"

"मीच."

"आणि त्यांनी तुम्हाला काय शिकवलं होतं?"

"सायकल," सर म्हणाले.

"मग ही फसवणूक आहे का?"

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. मी लिंक पुन्हा उघडली. पिवळी पट्टी गेली होती. मी सलीमला फोन लावला, तर तो लागला नाही. त्याचा नंबर आला होता, तो आत गेला होता.

दुपारी फोन आला तो सलीमचा नव्हता, उस्तादांचा होता.

"मॅडम, लागला पोरगा." एवढंच बोलले. आवाज नेहमीचा नव्हता. मग जोरात खाकरले आणि म्हणाले, "आता या माह्या दुकानात कोन काम करीन, ते मशीनले विचारून सांगा."

फोन ठेवून मी मनसोक्त रडले आणि मग भाजी टाकली. ती करपली. सुनेनं काही म्हटलं नाही.

पुण्याच्या ऑफिसानं आता सगळ्या जिल्ह्यात रिमाइंडर दुप्पट केलेत. मी काही बोलत नाही. एखादी बॅच लाल दिसली की मी नेटवर्कचं विचारत नाही एवढंच. बॅजवर कोणाचं नाव राहून गेलं ते विचारते.

परवा मंगरूळपीरला गेले होते. सलीम कंपनीच्या मोटारसायकलवर कुठेतरी निघाला होता, थांबून सलाम करून गेला. उस्तादांच्या दुकानात खामगावकडचा एक व्यापारी तार विकायला आला होता. नवीन माणूस. त्यानं त्या लाइनीतला पहिला सवाल विचारला, "चाचा, आप किसके शागिर्द?"

उस्तादांनी हातातली मोटर खाली ठेवली.

"मोटर में करीम उस्ताद का," ते म्हणाले. मग खिशातून मोबाइल काढला, बॅज उघडला आणि त्याच्यापुढे धरला. "और डीसी में, ये देखो, सलीम का."